भर उन्हातला फ्लॅश

डीएसएलआर कॅमेऱ्याच्या डोक्यात एक झाकण असतं. एरवी ते इतकं बेमालूम मिटलेलं असतं, की नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाला सुरुवातीला त्याचा पत्ताच लागत नाही. मग कधीतरी दिवेलागणीच्या वेळी घरातल्या घरात बटण अर्धं दाबावं, तर खट् आवाज करून ते झाकण उघडतं आणि आतला चिमुकला फ्लॅश ताठ उभा राहतो. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारा एक पोरगा प्रत्येक वर्गात असतो, तसा हा. उत्तर येत असेलच असं नाही, पण उत्साहाला तोटा नाही.

बोटानं दाबून त्याला खाली बसवावं, तर पुढच्या फोटोला तो पुन्हा उठतो. डायल ऑटोवर आहे तोवर उजेड कमी आहे की पुरेसा, हे कॅमेरा ठरवतो. मालकाला त्यात मत नाही.

जाणकारांच्या जगात या फ्लॅशला काडीची किंमत नाही. कॅननची फाइव्ह-डी मालिका घ्या, निकॉनचा डी-850 घ्या. लाखांच्या घरातले हे कॅमेरे, पण त्यांच्या डोक्यावर फ्लॅश मुळी नाहीच. कमी पैसे मोजले तर फ्लॅश मिळतो आणि जास्त मोजले तर तो काढून घेतला जातो. सोलापूरच्या कुठल्याही व्यापाऱ्याला हा हिशेब पटवून दाखवावा. 'एवढे पैसे घेऊन लाईटबी देईना व्हय?' असं विचारून तो शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळेल.

खरं तर या चिमुकल्याचं घराणं मोठं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोटोवाले मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड पाडायचे. धूर व्हायचा, भुवया जळायच्या, क्वचित पडदेही. मग काचेचे बल्ब आले, एका फोटोला एक. 1930 च्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन या प्राध्यापकानं वायूनं भरलेल्या नळीतून विजेचा लोळ सोडून सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरता प्रकाश पाडून दाखवला, आणि दुधाचा थेंब आपटून त्याचा मुकुट होतो तो क्षण जगाला दिसला. पुढं 1987 साली पेंटॅक्सनं एसएफएक्स या ऑटोफोकस एसएलआरच्या डोक्यातच असा फ्लॅश बसवून टाकला. तिथून तो घरोघरी पोचायला आणखी वीसेक वर्षं गेली. आपल्याकडं तो आला तो बहुतेक पुण्याहून. हिंजवडीत नोकरीला लागलेल्या पोरानं पहिला मोठा बोनस मिळाल्यावर डीएसएलआर घ्यायचा, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी गावी येताना ती काळी बॅग पोटाशी धरून हुतात्मा एक्स्प्रेसमधून आणायची, असा एक काळ सोलापुरात होऊन गेला. अठरा-पंचावन्नची लेन्स, गळ्यात कंपनीचं नाव लिहिलेला रुंद पट्टा, आणि डायल कायमचा ऑटोवर.

या पोरांचा आणि फ्लॅशचा पहिला जाहीर मुकाबला व्हायचा होम मैदानावर, शोभेच्या दारूकामाच्या रात्री. सिद्धेश्वरांच्या यात्रेतली ही रात्र म्हणजे अख्खं सोलापूर मान वर करून उभं. आकाशात बाण फुटतो, हजारो तोंडांतून 'हो...' निघतं, आणि त्याच वेळी गर्दीतून शे-दोनशे फ्लॅश आभाळाच्या दिशेनं उडतात. आता या फ्लॅशची ताकद किती? कंपन्या ती गाइड नंबर नावाच्या आकड्यात सांगतात. साधारण डीएसएलआरच्या अंगच्या फ्लॅशचा हा आकडा आयएसओ 100 ला बारा-तेरा मीटरच्या आसपास असतो, काहींचा नऊच. या आकड्याला लेन्सच्या छिद्राच्या आकड्यानं भागायचं, की उजेड किती लांब पोचतो ते कळतं. बारा भागिले चार, म्हणजे तीन मीटर. लेन्स पुरती झूम केली की छिद्राचा आकडा 5.6 होतो आणि उजेडाची धाव दोन मीटरवर संपते. आयएसओ चौपट केला की अंतर दुप्पट होतं, पण आभाळातला बाण काही चार-सहा मीटरवर येऊन फुटत नाही.

तेव्हा उजेड पोचतो कुठं, तर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत. फोटोत आकाश काळंकुट्ट, त्यात एक फिकट रेघ, आणि खाली ठळक, रेखीव, केसन् केस मोजून घ्यावा असं कुणाचं तरी डोकं. त्या डोक्याला लावलेल्या तेलाची चकाकीसुद्धा त्यात आलेली असते. ज्या माणसाचा हा फोटो, त्याला तो कधीच कळत नाही. सोलापुरातल्या कितीतरी सज्जनांची मागची बाजू अशी अनोळखी लोकांच्या संगणकात जपून ठेवलेली आहे. दारूकामाचा फोटो काढायचा तर फ्लॅश मिटायचा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा आणि दोन-चार सेकंद पडदा उघडा ठेवायचा, एवढंच काम. पण गड्ड्याच्या गर्दीत तिकाटणं उभं करायला जागा मागणं हे धैर्याचं काम आहे.

हुतात्मा स्मृती मंदिरातही हीच कथा. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपली छकुली तिसऱ्या ओळीत कोळीण होऊन नाचतेय आणि बाबा पंधराव्या रांगेतून फ्लॅश मारतायत. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. रंगमंचापर्यंत पोचेतो त्याचं काही उरत नाही. बाराव्या रांगेतल्या टकलाला मात्र तो पुरेपूर मिळतो. स्टेजवर दिवेवाल्यानं कष्टानं लावलेला निळा-केशरी उजेड असतोच. फ्लॅश मिटून घेतला तर फोटो निदान छकुलीचा येईल.

होम मैदानाचा विषय निघाला आहे तर धुळीचं सांगून टाकतो. यात्रेच्या गर्दीत तिथं धूळ उडते हे सोलापूरकराला सांगायला नको. हा फ्लॅश लेन्सच्या अगदी डोक्याशी असतो, त्यामुळं लेन्ससमोर वीतभर अंतरावर तरंगणारा धुळीचा कण त्याच्या उजेडात झगझगीत पेटतो आणि फोकसच्या बाहेर असल्यानं फोटोत मोठा, गोल, पांढुरका ठिपका होऊन उमटतो. पाळण्यासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाभोवती असे दहा-वीस ठिपके तरंगताना दिसले की घरातल्या थोरल्या बाईला त्यात काहीतरी वेगळंच दिसतं. 'सिद्धरामानं दर्शन दिलं बघ,' असं म्हणून ती तो फोटो मोठा करून आणायला सांगते. मी अशा वेळी प्रकाशशास्त्र बोलत नाही. धूळ झाली तरी यात्रेतलीच आहे.

पण या फ्लॅशचा खरा दरबार म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. पगारी फोटोवाला असतोच. तो स्टेजवर छत्र्या उघडून बसलेला असतो. त्याच्या शेजारी घरचा फोटोवाला उभा राहतो, म्हणजे नवरीचा मामेभाऊ किंवा धाकटे दाजी. सोलापुरात या माणसाला तीन भाषा याव्या लागतात. वऱ्हाडात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी मंडळी एकाच खुर्चीओळीत बसलेली असतात. मग 'इकडं बघा', 'इल्ली नोड्री', 'इक्कड चूडंडी' असा सगळ्यांचा मान राखून पुकारा होतो, आणि तिन्ही भाषा होईपर्यंत पहिल्या भाषेतली माणसं दुसरीकडं बघायला लागलेली असतात.

एवढ्यात दाजींनी लाल डोळे टाळायची सोय चालू केलेली असते. लाल डोळ्यांचं कारण साधं आहे. अंधारात बुबुळातली बाहुली मोठी होते, आणि फ्लॅश लेन्सला इतका खेटून असतो, की त्याचा उजेड सरळ डोळ्यांत शिरून मागच्या रक्तवाहिन्यांवरून लाल होऊन थेट लेन्सकडं परततो. म्हणून गरीब स्वभावाच्या मावशी फोटोत चेटकिणीच्या नजरेनं बघताना दिसतात. त्यावर उपाय असा, की फोटोच्या आधी सेकंदभर एक दिवा लावायचा, म्हणजे बाहुल्या बारीक होतात. शास्त्र चोख आहे, फक्त त्या सेकंदात वऱ्हाड काय करील याचा विचार जपानमध्ये कुणी केलेला नाही. दिवा लागला की लोकांना वाटतं फोटो निघाला. मामा पोट सोडतात, काकू पदरानं घाम टिपायला लागतात, मागच्या रांगेतले दोघं जेवणाच्या हॉलकडं वळतात, आणि मग खरा फ्लॅश उडतो. अल्बममध्ये तीस माणसं तीस दिशांना निघालेली दिसतात, आणि मध्ये नवरा-नवरी तेवढे ताठ.

दाजींनी ती सोय बंद केली तर दुसरं संकट तयार असतं. उजेड किती लागेल ते मोजायला कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या आधी क्षणभर एक हलका फ्लॅश मारून बघतो. दोन्हींमधलं अंतर इतकं कमी, की आपल्याला एकच लखलखाट झाल्यासारखं वाटतं. पण काही डोळे जात्याच तरबेज असतात. ते पहिल्या फ्लॅशला मिटायला लागतात आणि दुसऱ्याला पुरते मिटलेले असतात. प्रत्येक घराण्यात असा एक चुलता असतो, ज्याचा उघड्या डोळ्यांचा फोटो आधार कार्डाखेरीज कुठंही नाही.

आणि पुढं सतरंजीवर बसवलेली पोरं! लेन्सला उन्हाची टोपी, म्हणजे हूड, लावून ठेवली असेल किंवा लेन्सच लांबलचक असेल, तर तिची सावली फोटोच्या खालच्या बाजूला अर्धवर्तुळ होऊन पडते. हा फ्लॅश उंचीनं बेताचा, लेन्सच्या डोक्यावरून त्याला पलीकडचं खालचं दिसतच नाही. सावली पडते ती नेमकी पोरांवर. पोरांना खरं तर याचं काही नसतं, पण त्यांच्या आया फोटो बघताना पहिल्यांदा आपलं पोर शोधतात.

ही सगळी दुखणी नीट पाहिली तर मूळ एकच निघतं. आपल्याला वाटतं फ्लॅश अशक्त आहे. तो तर आहेच, पण अडचण आहे ती त्याच्या जागेची. लेन्स जिथून बघते तिथूनच हा उजेड टाकतो. मग सावली वस्तूच्या पाठीमागं लपते आणि वस्तू सपाट होते. याचा पडताळा सोलापुरात कुणाही घरी मिळेल. जकार्ड मागावर विणलेली आपली जीआयवाली चादर घ्या, मोर किंवा चौकटीची नक्षी असलेली. समोरून फ्लॅश मारून तिचा फोटो काढा. कागदावर छापल्यासारखी दिसेल. आता फ्लॅश मिटा, चादर खिडकीजवळ न्या आणि उजेड बाजूनं घ्या. उचललेला धागा वेगळा, दबलेला वेगळा, मोराच्या मानेवरचा प्रत्येक टाका हाताला लागावा इतका वर येतो. चादर दुमडली आहे तिथली जाडी दिसते, कडेला सुटलेलं सूतही दिसतं. ज्या मागवाल्याला व्हॉट्सॲपवर माल दाखवायचा असतो त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो चादर दाराशी आणूनच फोटो काढतो.

उजेडाची जागा बदलायचे उपायही लोकांनी शोधले आहेत. कुणी फ्लॅशवर बटर पेपर चिकटवतो, कुणी हातरुमालाची एक घडी धरतो. त्यानं लखलखाट जरा मऊ होतो खरा, पण उजेड येतो त्याच जागेवरून. एक युक्ती त्यातल्या त्यात हुशारीची: फ्लॅशपुढं पांढरं कार्ड तिरपं धरायचं, म्हणजे उजेड वर छताला लागून खाली पसरतो. आयएसओ बराच चढवावा लागतो, पण जमतं. लग्नघरात अशा कामाला लग्नपत्रिका हाताशी असतेच. फक्त हल्लीच्या पत्रिका मरून मखमलीच्या आणि सोनेरी वर्खाच्या निघाल्यात. ती पत्रिका धरली की सगळी वरमंडळी कावीळ झाल्यासारखी पिवळी येतात. साध्या पांढऱ्या कागदावर गणपती आणि खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापायचे दिवस फोटोच्या दृष्टीनं बरे होते.

एवढं सगळं ऐकून कुणालाही वाटेल, की हा फ्लॅश एकदाचा चिकटपट्टी लावून बंद करावा. पुण्या-मुंबईत खुशाल करावा. सोलापुरात मात्र मी तसं करू देणार नाही, कारण या गावात त्याला खरं काम आहे, आणि ते रात्री नाही, भर दुपारी आहे.

सोलापूरचं ऊन कसं असतं हे मी काय सांगू! एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी कधी ओलांडतो ते कळत नाही. त्यातून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. साडेबाराच्या जरा आधी उभी काठी रोवली तर तिची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. आता लग्नसराई कधी, तर याच दिवसांत. आणि मुहूर्त? बारा-तीस, बारा-पस्तीस. म्हणजे पंचांग आणि खगोलशास्त्र दोघं मिळून सोलापूरकराचं लग्न सूर्य नेमका माथ्यावर असताना लावतात. त्या वेळी जमिनीवर सावली नसते, कारण सगळी सावली माणसाच्या चेहऱ्यावर येऊन बसलेली असते. भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली, फेट्याच्या काठाखाली, डोक्यावरच्या पदराखाली. मुंडावळ्यांच्या प्रत्येक मण्याची सावली वेगळी. नवऱ्या मुलाचे डोळे खोबणीत गडप, आणि नाकाचा शेंडा मात्र पांढराफटक. कॅमेऱ्याच्या लेखी उजेड भरपूर असतो, त्यामुळं रात्री न विचारता उठणारा तो फ्लॅश अशा वेळी ढिम्म हलत नाही. त्याला उठवावं लागतं. ऑटो सोडून डायल पी वर किंवा ए-व्ही वर घ्यायचा आणि कडेचं, विजेची खूण असलेलं बटण दाबायचं.

मग बघा. आयएसओ 100, पडदा सेकंदाच्या दोनशेव्या भागाला, छिद्र अकरा, हा आपल्या दुपारच्या उन्हाचा ठरलेला हिशेब. याहून वेगवान पडदा या फ्लॅशबरोबर बहुतेक कॅमेरे देतच नाहीत, कारण पडदा पुरता उघडलेला असतानाच फ्लॅश उडायला हवा. आता बाराला अकरानं भागा. साधारण एक मीटरवर या टीचभर फ्लॅशचा उजेड सूर्याच्या बरोबरीचा होतो! आणि दोन मीटरवर, म्हणजे माणूस जिथं उभा असतो तिथं, तो उन्हाच्या तीस टक्क्यांच्या आसपास भरतो. फोटो उन्हातला आहे हे मोडत नाही, सावली पुसली जात नाही, फक्त तिचा काळेपणा जातो आणि आत गडप झालेले डोळे दिसायला लागतात. बाहुलीत एक बारीक चमक येते. समोरून, लेन्सच्या जागेवरून येणारा उजेड हा त्याचा दोष इथं गुण ठरतो, कारण लेन्सला जे जे दिसतं ते ते सगळं त्यालाही दिसतं. त्याची स्वतःची अशी सावली फोटोत पडत नाही. फार वाटलं तर फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन उणे एक करावं. मंडप लाल-पिवळ्या कापडाचा असेल आणि खालची सगळी माणसं हळद लागल्यागत दिसत असतील, तर चेहऱ्याचा खरा रंगही हाच परत आणतो.

यात्रेतला अक्षता सोहळा असाच दुपारचा. हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज मिरवत संमती कट्ट्यापाशी येतात. सिद्धरामेश्वरांवर मन जडलेल्या कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी झालेला विवाह, त्याचं हे प्रतीक. संमती वाचन होतं आणि हजारो हात एकदम अक्षता उधळतात. नंदीध्वज पेलणारा माणूस पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत, चेहरा उन्हानं रापलेला, घामानं निथळणारा, मान वर, नजर ध्वजाच्या टोकावर. कॅमेरा त्या पांढऱ्या कपड्याला बिचकतो आणि सगळा फोटो काळवंडवून टाकतो. माणसाच्या जागी चालती बाराबंदी तेवढी उरते. अशा वेळी दोन मीटरवर सरकून, फ्लॅश उघडून घेतलेला फोटो पाहावा. कपाळाच्या भस्मावरून ओघळलेला घाम, मानेची ताणलेली शीर, खांद्यावर रुतलेला पट्टा, आणि या सगळ्यांच्या मधोमध थिजून राहिलेले अक्षतांचे दाणे. लेन्सच्या फार जवळून गेलेला एखादा दाणा लिंबाएवढा पांढरा ठिपका होतो, तेवढं चालवून घ्यावं.

ही गोष्ट लोकांना पटवणं मात्र अवघड. उन्हात फ्लॅश उडाला, की मंडपातले सगळे आपल्याकडं वळून बघतात. एका लग्नात खुर्चीवर टेकलेल्या आजोबांनी हातानंच मला थांबवलं.

'ओ पाहुणे, ऊन कमी पडलालंय व्हय?'

म्हटलं, 'नाही आजोबा, सावली जास्त पडलीये.'

त्यांनी मांडवाबाहेरच्या भगभगीत रस्त्याकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि शेजारच्या माणसाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. दोघं बराच वेळ हसत होते.

शिवाय हा फ्लॅश लागोपाठ वापरला की तापतो. पूर्ण ताकदीनं पाच-सात वेळा उडवला, की मधे मधे दम घेतो, आणि मेच्या दुपारी तर थोडा वेळ सरळ काम नाकारतो. तोवर मंगलाष्टकं संपतात आणि पंगत बसते. पंगतीत त्याला उघडूच नये. आमटीवरचा तेलाचा तवंग चमकतो, स्टीलचं ताट चमकतं, हुग्गीवरचं तूप चमकतं. माणूस कुठं दिसत नाही. दिसला तर त्याचा घास तोंडात असतो. आमच्या आत्याबाईंचा असा एक फोटो निघाला, तेव्हापासून मी वाढायला वाकलो तरी त्या आधी माझ्या गळ्यात कॅमेरा आहे का बघतात, आणि मगच 'वाढ' म्हणतात.